यंत्र देताना नियमही द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय महोदय,

रायगड जिल्ह्यात मोठा अपघात झाला की दोन-चार दिवसांत एक मागणी हमखास पुढे येते: आमच्या तालुक्याला सीटी स्कॅनचे मशीन द्या. निवेदने जातात, बातम्या छापून येतात, पुढच्या सभेत आश्वासन मिळते. मागणी रास्त आहे. मी या किनारपट्टीवर शल्यचिकित्सक म्हणून काम करते आणि अशा निवेदनांवर मीही सह्या केल्या आहेत. आज मात्र मी आणखी एक यंत्र मागायला लिहीत नाही. जे यंत्र आहे आणि जे उद्या येईल, ते गंभीर जखमी माणसासाठी कधी वापरायचे, कुठे वापरायचे आणि कधी त्याच्या दारात स्ट्रेचर न्यायचेच नाही, हे सांगणारा एक लेखी नियम या जिल्ह्याला द्या, एवढे मागायला हे पत्र आहे.

पूर्ण शरीराचा स्कॅन म्हणजे डोक्याच्या टाळूपासून मांड्यांच्या मध्यापर्यंत एका फेरीत घेतलेली चित्रे. मेंदू, मान, छाती, पोट, ओटीपोट आणि त्यांच्यासोबत सगळा कणा. शिरेतून कॉन्ट्रास्टचे औषध द्यावे लागते, कारण त्याशिवाय फाटलेले यकृत किंवा प्लीहा नीट कळत नाही आणि रक्त नेमके कुठून वाहते आहे ते दिसतच नाही. चांगल्या यंत्रावर प्रत्यक्ष चित्रे एक-दोन मिनिटांत निघतात. पण मान न हलवता माणसाला टेबलावर घेणे, ऑक्सिजन, मॉनिटर आणि सलाईनच्या नळ्या सांभाळणे, पुन्हा बाहेर काढणे, हे सगळे धरले तर अर्धा तास सहज जातो. त्यानंतर कुणीतरी ती शेकडो चित्रे वाचायची असतात. रात्री दोन वाजता ती वाचणारा रेडिओलॉजिस्ट कुठे असतो, हा प्रश्न यंत्राच्या उद्घाटनाच्या दिवशी कुणी विचारत नाही.

या स्कॅनचे मोल मी कमी करत नाही. मुका मार फार फसवा असतो. मोटारसायकलचे हँडल पोटात घुसलेला मुलगा चालत येतो, पाणी मागतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो आणि दोन तासांनी पांढराफटक पडतो. बाहेर खरचटल्याची एक रेघ असते आणि आत प्लीहेचे दोन तुकडे झालेले असतात. अशा माणसाच्या आत काय चालले आहे हे एकाच फेरीत दाखवणारे साधन हे वैद्यकशास्त्राचे मोठे देणे आहे. म्हणूनच ते कुणासाठी, कुठे आणि केव्हा, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

आमचा भूगोल तुम्हाला माहीत आहे, तरी रुग्णाच्या बाजूने एकदा तो पाहा. पनवेल ओलांडले की राष्ट्रीय महामार्ग ६६ पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, महाड, पोलादपूर असा उतरत जातो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि एका तपाहून अधिक काळ या भागातल्या लोकांनी अर्धवट रस्ता, वळवलेली वाहतूक आणि खड्डे सोसले. माणगावजवळ रेपोली इथे १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे ट्रक आणि मोटारीची टक्कर झाली आणि एकाच कुटुंबातली, नात्यातली माणसे गेली. महामार्गाच्या पश्चिमेला अलिबाग, रेवदंडा, मुरूड, म्हसळा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. शनिवार-रविवारी इथे पर्यटकांच्या गाड्या आणि वाऱ्यावर स्वार झालेले दुचाकीस्वार. एरवी पोफळीवरून आणि माडावरून पडणारे वाडीतले गडी, होडीच्या यारीत हात सापडलेले खलाशी, कारखान्यांतले कामगार. महाडहून मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. श्रीवर्धनच्या माणसाला महामार्ग गाठायलाच म्हसळ्याच्या वळणांतून तास-दीड तास लागतो.

आता सुपारी काढताना पोफळीवरून पडलेल्या एका माणसाचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. हा कुणी एक माणूस नाही. असे प्रवास मी इतक्यांदा पाहिले आहेत की त्यांचे टप्पे पाठ झाले आहेत. पहिल्या ठिकाणी सलाईन लागते, चिठ्ठी मिळते. दुसऱ्या ठिकाणी डोक्याचा स्कॅन होतो, कारण नातेवाइकांची पहिली भीती डोक्याची असते. तो ठीक येतो आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. तोवर पोट फुगायला लागलेले असते. तिसऱ्या ठिकाणी पोटाचा स्कॅन होतो, तोही कॉन्ट्रास्टशिवाय, कारण मूत्रपिंडाचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, रिपोर्ट हातात नसतो. त्यात ‘पोटात पाणी’ दिसते, पण ते कुठून आले हे कळत नाही. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत मध्यरात्र होते. तिथला निवासी डॉक्टर सीडी संगणकात घालतो, ती उघडत नाही. फिल्म अँब्युलन्समध्येच राहिलेल्या असतात आणि अँब्युलन्स परत फिरलेली असते. मग डोक्यापासून पुन्हा सगळे. तीन यंत्रे, तीन बिले, तीनदा किरणोत्सर्ग. आणि या साऱ्या तासांत ज्या माणसाला रक्त आणि शस्त्रक्रिया हवी होती, त्याला दोन्हीपैकी काहीच मिळालेले नसते.

या माणसाचे स्कॅन कमी झाले असे कुणी म्हणू शकणार नाही.

जगात या प्रश्नाचा विचार पुष्कळ झाला आहे. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जर्मनीच्या अपघात-नोंदवहीतील ४,६२१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा सुरुवातीलाच पूर्ण शरीराचा स्कॅन झाला, त्यांच्यापैकी अपेक्षेपेक्षा जास्त जण वाचले असे त्यात दिसले आणि अनेक देशांतल्या अपघात विभागांनी तो शिरस्ताच करून टाकला. पण तो अभ्यास मागे वळून नोंदी पाहणारा होता. जे स्कॅनपर्यंत पोचण्याइतके टिकले तेच स्कॅनच्या गटात मोजले गेले, ही शंका त्याच्या मागे राहिली. मग नेदरलँड्समधल्या चार आणि स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णालयाने मिळून चिठ्ठ्या टाकून रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटाचा थेट पूर्ण स्कॅन. दुसऱ्याची आधी तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी आणि मग गरज वाटेल त्या भागाचा स्कॅन. १,०८३ रुग्ण. निष्कर्ष २०१६ मध्ये आला: रुग्णालयातला मृत्युदर दोन्ही गटांत १६ टक्के. निदान काही मिनिटे लवकर झाले, जीव जास्त वाचले नाहीत. आणखी एक गोष्ट कळली. दुसऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांचाही शेवटी तुकड्या-तुकड्यांनी पूर्ण शरीराचा स्कॅन झालाच. म्हणजे गंभीर जखमींपैकी जवळजवळ निम्म्यांना तो लागतो आणि उरलेल्यांना लागत नाही. कुणाला लागतो ते ओळखणे हे खरे काम.

या अभ्यासात कोणाला घेतले नव्हते, तिकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. अठरा वर्षांखालची मुले आणि गरोदर स्त्रिया नव्हत्या. ज्यांना तातडीने शस्त्रक्रियेला न्यावे लागेल इतके अस्थिर रुग्ण नव्हते. आणि दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेले रुग्णही नव्हते. श्रीवर्धन, मुरूड, माणगाव, महाड, पोलादपूर इथला जवळजवळ प्रत्येक गंभीर जखमी माणूस शेवटी ‘दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेला’ असतो. ज्या रुग्णालयांत अपघात विभागातच किंवा चार पावलांवर यंत्र आहे, बाजूला शस्त्रक्रियागृह आहे आणि खाली रक्तपेढी आहे, तिथले उत्तर शंभर किलोमीटर लांबीच्या साखळीवर जसेच्या तसे बसवता येत नाही. आपल्याला आपला नियम आपल्या रस्त्याकडे बघून लिहावा लागेल.

तो नियम काय असावा, याबद्दल माझे मत पक्के आहे.

ज्याचा रक्तदाब रक्त देऊनही वर येत नाही, नाडी लागत नाही, पोट घट्ट होत चालले आहे, त्याला स्कॅनच्या खोलीत नेऊ नये. त्या बंद दाराआड हृदय थांबले तर हात पोचेपर्यंत वेळ जातो. त्याच्यासाठी छातीचा आणि ओटीपोटाचा एक्स-रे, पलंगाशेजारी सोनोग्राफी, ओटीपोटाचे हाड मोडले असल्याची शंका असेल तर घट्ट पट्टा, छातीत हवा किंवा रक्त भरले असेल तर लगेच नळी आणि मग शस्त्रक्रियागृह. यातला एक्स-रे आणि पट्टा ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकतो. पट्टा नसेल तर दुमडलेली चादर चालते.

ज्याच्या श्वासाची आणि रक्ताभिसरणाची घडी बसली आहे, किंवा उपचारांनी बसवता आली आहे, पण जो बेशुद्ध आहे, ज्याच्या शरीराच्या दोन-तीन भागांना एकदम मार आहे, बरगड्या अनेक मोडल्या आहेत, दोन मोठी हाडे मोडली आहेत, हातापायांतली शक्ती गेली आहे, त्याचा पूर्ण शरीराचा स्कॅन कॉन्ट्रास्ट देऊन, एकदाच आणि विनाविलंब झाला पाहिजे. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी अशा माणसाला थांबवू नये, हे तर नियमात ठळक अक्षरांत लिहावे. मूत्रपिंडाला होऊ शकणारा त्रास आणि पोटात वाहणारे रक्त यांत तोलण्यासारखे काही नाही.

आणि जो पूर्ण शुद्धीवर आहे, दारू प्यायलेला नाही, नीट बोलतो, ज्याची मान, छाती, पोट दाबून पाहिले तर दुखत नाही, नाडी-रक्तदाब-श्वास ठीक आहेत, त्याला केवळ गाडीचा चेंदामेंदा झाला म्हणून पूर्ण शरीराच्या स्कॅनला पाठवू नये. हा मुद्दा सर्वांना पटणार नाही, आणि विरोधी बाजूकडेही पुरावा आहे. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये बाहेरून काही न दिसणाऱ्या, पण मोठ्या अपघातातून आलेल्या १,००० रुग्णांचे पूर्ण स्कॅन केले, तेव्हा सुमारे १९ टक्क्यांच्या उपचारांत त्यामुळे बदल झाला. हा आकडा मी झटकून टाकत नाही. दहा फुटांहून अधिक उंचीवरून पडणे, गाडीबाहेर फेकला जाणे, त्याच गाडीत दुसऱ्याचा मृत्यू होणे, छाती-पोट लोखंडात अडकणे, या गोष्टी जगभरच्या निकषांत आहेत आणि त्या असल्या की शंकेचा कल स्कॅनकडेच झुकला पाहिजे. पण बदललेला प्रत्येक उपचार जीव वाचवणारा नसतो. कित्येकदा तो ‘आणखी एक दिवस ठेवू’ एवढाच असतो. आमच्याकडे तोच दिवस स्कॅनशिवायही ठेवता येतो: खाट, दर तासाला नाडी आणि रक्तदाब लिहिणारी परिचारिका आणि चार तासांनी पुन्हा पोट तपासणारा डॉक्टर. नऊ-दहा तासांत पोटात गडबड असेल तर बहुधा कळते. मंत्रीमहोदय, ती परिचारिका आणि तो डॉक्टर रात्री हजर असतील, याची हमी यंत्राहून स्वस्त आहे.

आता ‘कुठे’. माझ्या मते हाच आमच्या जिल्ह्याचा कळीचा प्रश्न आहे आणि परदेशी मार्गदर्शक पुस्तिका त्याबद्दल आपल्याला फार मदत करत नाहीत. स्कॅन तिथेच करावा जिथे त्यात जे सापडेल त्यावर लगेच हात घालता येईल. पोट उघडणारा शल्यचिकित्सक, भूल देणारा डॉक्टर, रक्त आणि अतिदक्षता विभाग यांपैकी काही नसेल, तर तिथे यंत्र असूनही गंभीर जखमीला त्यासाठी थांबवू नये. ‘स्कॅन करून मग पाठवू’ हे वाक्य फार समंजस वाटते. त्यात तास-दीड तास जातो. आणि पाठवायचे तर असतेच.

याला दोन अपवाद मला मान्य आहेत. एक, ज्या स्कॅनमुळे पाठवणेच टळेल तो. पासष्ट वर्षांच्या आजी न्हाणीघरात पडल्या, शुद्धीवर आहेत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत; त्यांच्या फक्त डोक्याचा स्कॅन जवळच झाला आणि ठीक आला, तर एका कुटुंबाची मुंबईची धावपळ, गाडीभाडे आणि पाच दिवसांची मजुरी वाचते. जिल्ह्याच्या दक्षिण भागात यंत्र हवे ते मुख्यतः अशांसाठी, आणि ते फार मोठे कारण आहे. दुसरा अपवाद, रस्ता बंद असेल तेव्हा. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली तेव्हा महाड पाण्याखाली होते आणि मदत पथकांनाही वाट सापडत नव्हती. अशा रात्री जे हाताशी आहे त्यावरच निर्णय घ्यावे लागतात. महाडला यंत्र बसवाल तेव्हा सावित्री नदीची पूररेषा बघून बसवा, एवढी एक विनंती याच ओघात करून ठेवते.

पलंगाशेजारच्या सोनोग्राफीचा उल्लेख वर आला, त्यावर थोडे थांबते. पोटात, हृदयाभोवती किंवा छातीत रक्त आहे का, एवढाच प्रश्न विचारणारी ही तपासणी दोन-तीन मिनिटांची. किरणोत्सर्ग नाही, रुग्णाला हलवायचे नाही. नेमका हा प्रश्न माणगाव किंवा श्रीवर्धनला सुटला, तर कोणाला सरळ शस्त्रक्रिया होऊ शकेल तिथे न्यायचे आणि कोणाला स्कॅनच्या ठिकाणी न्यायचे, हे तिथेच ठरते. अडचण ठाऊक आहे: गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा. त्यामुळे सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र, प्रत्येक जागा आणि ते हाताळणारा प्रत्येक डॉक्टर नोंदलेला असावा लागतो. हा कायदा सैल करा असे मी मुळीच म्हणणार नाही. देशाचा कायदा १९९४ चा, पण महाराष्ट्राने १९८८ मध्येच असा कायदा केला होता आणि तो करणारे हे पहिले राज्य होते. स्त्री म्हणूनही मला त्याचा अभिमान आहे. माझे मागणे कायद्याच्या चौकटीतलेच आहे. महामार्गावरच्या आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात कक्षात एक नोंदणीकृत यंत्र ठेवा, आणि तिथले वैद्यकीय अधिकारी कायद्याला हवे असलेल्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला टप्प्याटप्प्याने पाठवा. नोंदणी देणारे समुचित प्राधिकारी जिल्ह्यात तुमच्याच विभागाचे जिल्हा शल्यचिकित्सक आहेत. फाइल एका दालनातून दुसऱ्या दालनातच जायची आहे.

मुलांबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. पूर्ण शरीराच्या एका स्कॅनमध्ये साधारण वीस मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग शरीरात जातो. जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो, म्हणजे आठेक वर्षांचा एकदम. मरणाच्या दारातल्या चाळिशीच्या माणसासाठी हा हिशेब करत बसू नये. पण ऑस्ट्रेलियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लहानपणी किंवा पौगंडावस्थेत सीटी स्कॅन झालेल्या ६ लाख ८० हजार लोकांत कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी अधिक आढळले. एकेका मुलाचा धोका तरीही लहानच राहतो, पण तो फुकट का पत्करायचा? ब्रिटनच्या राष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सोळा वर्षांखालच्या मुलांचा पूर्ण शरीराचा स्कॅन सरसकट करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तपासून, शंका असलेल्या भागाचाच करावा. आपल्या नियमातही हेच असावे, आणि मुलांसाठी यंत्राचा डोस कमी लावला आहे ना, याची तपासणी व्हावी. ती करू शकणारी अणुऊर्जा नियामक परिषद मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे.

पैशाबद्दल बोलणे टाळता येणार नाही. स्कॅन कोणी करायला सांगितला आणि कुठे करायला सांगितला, यामागे प्रत्येक वेळी वैद्यकीय कारणच असते असे नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी २०१३ मध्ये, रुग्ण एमआरआयसाठी पाठवल्याबद्दल तपासणी केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा धनादेश परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार नोंदवली. त्या एका कृतीने कट प्रॅक्टिसची चर्चा राज्यभर झाली. पुढे २०१७ मध्ये या प्रथेविरुद्धच्या कायद्याचा मसुदाही तयार झाला. जोवर लेखी निकष नाहीत, तोवर लोभाने केलेला स्कॅन आणि काळजीने केलेला स्कॅन कागदावर सारखेच दिसतात. निकष असले की डॉक्टरला एक ओळ लिहावी लागते: अमुक कारणासाठी. प्रामाणिक डॉक्टरला ती ओळ लिहायला दहा सेकंद लागतात, आणि ‘सगळं स्कॅन का नाही केलं’ म्हणून संतापलेल्या जमावासमोर तीच ओळ त्याच्या पाठीशी उभी राहते. तरुण डॉक्टर भीतीपोटी किती स्कॅन लिहितात हे मी रोज पाहते. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या हातात आधाराचा कागद नाही.

आणि स्कॅन लागतोच त्याला पैशासाठी अडवले जाऊ नये. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळायला हवेत. ही गोष्ट किनाऱ्यावरच्या किती अपघात कक्षांच्या भिंतीवर लिहिलेली आहे, हे एकदा पाहून घ्या. माडावरून पडलेला माणूस मात्र या योजनेत बसत नाही, कारण तो रस्त्यावर पडलेला नसतो. त्याच्यासाठी राज्याच्या योजनेतून वाट काढावी लागेल.

एकाच वेळी अनेक जखमी येतात तेव्हाची गोष्ट वेगळी. या जिल्ह्याने सावित्रीवरचा पूल वाहून गेलेला पाहिला (२०१६), आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळून अनेक जण गेलेले पाहिले (२०१८), महाडची तारिक गार्डन इमारत कोसळलेली (२०२०), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) इथे दरडी कोसळलेल्या पाहिल्या. या घटनांत बहुतेक वेळा वाचवायला फार थोडे उरले. पण उद्या वीस जखमी एकदम आले, तर एका यंत्रापुढे वीस स्ट्रेचर लावून चालणार नाही. तेव्हा दारात अनुभवी शल्यचिकित्सक उभा करावा, सोनोग्राफीचे यंत्र त्याच्या हाताशी असावे, आणि स्कॅन फक्त त्याने बोट दाखवलेल्यांचा व्हावा. याची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी.

आणखी एक गोष्ट, जिला यंत्र लागतच नाही. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे स्वस्त इंजेक्शन इजेनंतर तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, हे चाळीस देशांतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने केव्हाच सिद्ध केले. त्या चाचणीत भारतातली रुग्णालयेही होती. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी ते आपल्या बहुतेक केंद्रांत असतेच. १०८ च्या अँब्युलन्समध्ये, पहिल्याच दवाखान्यात, ते गेले पाहिजे. स्कॅनची वाट पाहताना ते तीन तास निघून जातात.

महोदय, राज्यात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसे मेली. त्यांतली किती पोचण्याआधी गेली, किती पोचून थांबली आणि गेली, किती जणांचे स्कॅन दोन-तीनदा झाले, हे आपण मोजायला हवे. मुंबईतली शीव आणि केईएम रुग्णालये, दिल्लीचे एम्सचे अपघात केंद्र आणि कोलकात्याचे एसएसकेएम यांनी मिळून २०१३ ते २०१५ या काळात सोळा हजारांवर जखमींची नोंदवही ठेवली. म्हणजे आपल्याकडच्या गर्दीतही हे जमते. आणि दूर कशाला जायचे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्यांच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवता ठेवता सुरू झालेल्या कामातूनच पुढे डॉ. बावस्करांना प्राझोसिनचा उपाय सापडला, तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगभरच्या विंचूदंशाच्या रुग्णांना लागू पडला. रायगडच्या मातीत हे घडलेले आहे. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना जिल्ह्यातल्या प्रत्येक गंभीर जखमीची नोंद ठेवायचे काम द्या: कधी पडला, पहिल्या दवाखान्यात कधी पोचला, स्कॅन कुठे, किती वेळा, कशासाठी, त्यात काय निघाले, त्याने उपचार बदलला का, माणूस वाचला का. तीन वर्षांत आपला नियम बरोबर होता की चूक, हे आपल्यालाच कळेल, आणि चूक असेल तिथे तो बदलता येईल.

तोवर एक पान पुरेल. मराठीत, मोठ्या अक्षरांत, पोलादपूरपासून पनवेलपर्यंत आणि मुरूड-श्रीवर्धनच्या प्रत्येक अपघात कक्षात लावलेले. कुणाचा पूर्ण स्कॅन, कुणाचा एका भागाचा, कुणाचा नाही. कुठे करायचा आणि कुठे थांबायचे नाही. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. स्कॅन झाला असेल तर त्याची चित्रे रुग्ण वाटेत असतानाच संगणकावरून पुढे गेली पाहिजेत. आज ती मोबाइलने फिल्मचा फोटो काढून, खिडकीच्या उजेडात धरून पाठवली जातात, आणि त्या फोटोवर कुणीही जबाबदारीने निर्णय घेऊ शकत नाही.

हे पान लिहायला समिती नेमाल, तर तिची पहिली बैठक माणगावच्या रुग्णालयात घ्या, आणि गणपतीच्या गर्दीला दोन महिने बाकी असताना घ्या. जिल्हा शल्यचिकित्सक आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता असतीलच. सोबत रात्रपाळीचा सीटी तंत्रज्ञ, १०८ वरचे डॉक्टर आणि चालक, श्रीवर्धनच्या अपघात कक्षातली परिचारिका आणि आमचे रुग्ण ज्यांच्याकडे मध्यरात्री पोचतात त्या मुंबईच्या रुग्णालयांतला एक निवासी डॉक्टर यांनाही बोलवा. रुग्ण कुठे अडकतो ते त्यांना ठाऊक आहे. मला बोलावलेत तर मीही येईन; माझ्याकडचे मसुद्याचे पान तयार आहे.

आपली नम्र,
रायगड किनाऱ्यावरील एक शल्यचिकित्सक